दोन खुर्च्यांची खोली आणि दाराबाहेरचे कुटुंब

वाचकहो, ज्या नाटकात गाणे नाही, मारामारी नाही, देखावा बदलत नाही, आणि अर्धा तास दोनच माणसे समोरासमोर बसून नुसती बोलत राहतात, असे नाटक दूरचित्रवाणीवर कोणी पाहील काय, असा प्रश्न आपल्याला पडला तर तो अगदी स्वाभाविक आहे. तथापि असे नाटक निघाले आणि देशोदेशींच्या लोकांनी ते आवडीने पाहिले. २००५ साली इस्रायलमध्ये हगाय लेवी या दिग्दर्शकाने 'बे टिपुल' नावाची मालिका आणली. तिचा नायक एक मानसोपचारतज्ज्ञ आहे. मन मोकळे करण्यासाठी त्याच्याकडे माणसे येतात, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. २००८ साली अमेरिकेत तिचीच आवृत्ती 'इन ट्रीटमेंट' या नावाने निघाली, आणि पुढे इटली, अर्जेंटिना, फ्रान्स असे करीत ती अनेक भाषांत गेली. अमेरिकन आवृत्तीत गेब्रिएल बर्न या नटाने पॉल वेस्टन या चिकित्सकाची भूमिका केली आहे. पहिल्या भागमालेची घडण मोठी चतुर आहे: सोमवार ते गुरुवार रोज एक रुग्ण (गुरुवारी एक जोडपे), आणि शुक्रवारी हा चिकित्सक स्वतःच आपल्या जुन्या शिक्षिकेपुढे जाऊन बसतो. इतरांची दुःखे आठवडाभर ऐकणाऱ्यालाही आपले ऐकणारे कोणी लागते, ही गोष्ट त्या शुक्रवारामुळे प्रेक्षकाला न सांगता समजते.

या मालिकेची येथे आठवण काढण्याचे कारण तिचा तिसरा भाग होय. २०१० साली दाखविण्यात आलेल्या त्या भागात सोमवारचा रुग्ण भारतीय आहे. सुनील नावाचे हे कलकत्त्याचे गणिताचे अध्यापक. पत्नी वारली, म्हणून मुलाने त्यांना आपल्याकडे न्यूयॉर्कला नेले. घर मुलाचे, संसार अमेरिकन सुनेचा, आणि सासरे एका खोलीत गप्प बसलेले. ही भूमिका इरफान खान यांनी केली आहे. २०२० साली ते निवर्तले. या कथानकासाठी लेखिका झुंपा लाहिरी यांचा सल्ला घेण्यात आला होता, आणि तो घेतल्याच्या खुणा पदोपदी दिसतात. पहिल्या भेटीला सुनील एकटे येत नाहीत. मुलगा आणि सून त्यांना घेऊन येतात, आणि दुखणे काय आहे ते तीच दोघे सांगू लागतात. आपल्याकडच्या कोणत्याही दवाखान्यात हे दृश्य आपण पाहिलेले आहे. दुखणे बापाचे आणि तोंड मुलाचे!

पुढे दार बंद होते आणि खोलीत दोघेच उरतात. सुनील हळूहळू बोलू लागतात. मृत पत्नीविषयी, तरुणपणीच्या एका प्रेमाच्या न भरलेल्या जखमेविषयी, आणि सुनेविषयी. सुनेबद्दल ते जे बोलतात त्यात राग, ओढ आणि भय यांची अशी गुंतागुंत असते की या माणसाच्या हातून घरात काही विपरीत घडेल की काय, अशी काळजी चिकित्सकाला वाटू लागते. ती काळजी अखेरीस सुनेपर्यंत पोचते, पोलिस येतात, आणि सुनीलची रवानगी मायदेशी होते. तेव्हा उमगते ते असे की मायदेशी जाणे हीच त्यांची इच्छा होती, आणि चिकित्सकाच्या काळजीचा त्यांनी त्यासाठी उपयोग करून घेतला होता. मैत्री खरी होती की खोटी, याचे उत्तर मालिका देत नाही. आमच्या मते ती दोन्ही होती, आणि म्हणूनच हे प्रकरण इतके चटका लावून जाते.

आता वाचकांनी क्षणभर असे समजावे की हे सुनील न्यूयॉर्कला न जाता बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाकडे आले आहेत. ही कल्पना मुळीच दूरची नाही. कलकत्ता, नागपूर, सोलापूर, पाटणा येथून म्हातारे आईबाप त्या शहरात येऊन मुलांच्या सदनिकांत राहत आहेत; शेजाऱ्याची भाषा कळत नाही, आणि खाली उतरावे तर कोठे जावे ते कळत नाही. अशा घरातील सुनील होसूर रस्त्यावरील निम्हान्समध्ये गेले असते तर गोष्ट कशी घडली असती?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्या बंद खोलीत काय चालते, ते थोडे समजून घेतले पाहिजे. मालिकेच्या पहिल्या भागात लॉरा नावाची एक तरुणी आपल्या चिकित्सकाला सांगते की माझे तुमच्यावर प्रेम आहे. प्रेक्षकाला वाटते, हे नाटकासाठी रचलेले असावे. वस्तुतः या विद्येचा जन्मच अशा प्रसंगातून झालेला आहे. व्हिएन्नामध्ये १८८० ते १८८२ या काळात योसेफ ब्रॉयर हे डॉक्टर एका तरुण स्त्रीवर उपचार करीत होते. ग्रंथांत ती 'ॲना ओ.' या टोपणनावाने प्रसिद्ध आहे. बोलून टाकले की आपली लक्षणे ओसरतात, हे तिच्याच लक्षात आले, आणि 'बोलण्याचा इलाज' हे नावही तिनेच दिले. ब्रॉयर यांचे तरुण स्नेही सिग्मंड फ्रॉइड यांनी पुढे असे प्रतिपादन केले की रुग्णाच्या मनात चिकित्सकाविषयी जे प्रेम, जो राग किंवा जी भीती उसळते, ती पुष्कळशी चिकित्सकाची नसतेच. ती बापाची असते, आईची असते, कधी काळी दुरावलेल्या कोणाची तरी असते. जुने नाते नव्या माणसावर येऊन बसते. याला इंग्रजीत ट्रान्सफरन्स म्हणतात. मराठीत 'भावसंक्रमण' असा शब्द वापरता येईल. हा शब्द आम्हांस पुरता आवडत नाही, संक्रमण म्हटले की रोगाची किंवा तिळगुळाची आठवण होते, परंतु दुसरा बरा शब्द अद्याप हाती आलेला नाही.

चिकित्सकाचे काम असे की हे प्रेम झिडकारायचे नाही आणि स्वीकारायचेही नाही. ते समोर ठेवून दोघांनी मिळून त्याच्याकडे पाहायचे, ते आले कोठून, याचा शोध घ्यायचा. हे सांगणे सोपे आहे. चिकित्सकही माणूस आहे. त्याच्याही मनात भाव उठतात, आणि त्याचेही जुने हिशेब असतात. म्हणून तर तो शुक्रवार! आणि तो केवळ नाटकातला नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजी शिकणारा विद्यार्थी रुग्णांशी झालेले संभाषण वरिष्ठांपुढे मांडतो, कोठे आपण घाईने बोललो, कोठे आपल्यालाच राग आला, हे त्यांच्याकडून तपासून घेतो. या विद्येचे रीतसर शिक्षण भारतात प्रथम सुरू करणाऱ्या संस्थांत बेंगळुरूचे स्थान अग्रभागी आहे. तेथे हा अभ्यासक्रम १९५५ पासून चालू आहे.

योगायोगाने हाच विषय कन्नड रसिकांनी पडद्यावर अमेरिकेच्या कितीतरी आधी पाहिलेला आहे. १९८२ साली दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल यांनी 'मानस सरोवर' हा चित्रपट काढला. त्यात श्रीनाथ यांनी एका मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका केली आहे. पत्नीने सोडून दिलेला हा डॉक्टर एका मनोरुग्ण तरुणीवर उपचार करतो, ती बरी होते, आणि तो तिच्यावर प्रेम करू लागतो. ती मात्र त्याच्या भाच्यावर अनुरक्त होते. ज्याने तिला भानावर आणले त्याचेच भान सुटते आणि शेवटी वेड्याच्या अवस्थेत तो हिंडताना दिसतो. या डॉक्टरला शुक्रवार नव्हता, असे आता ती गोष्ट पाहताना मनात येते. त्याला थांबविणारे, विचारणारे कोणी वडील माणूस नव्हते.

पुट्टण्णांचाच त्याआधीचा 'शरपंजर' हा चित्रपट मात्र आम्हांला अधिक मोलाचा वाटतो, आणि कुटुंबवत्सल वाचकांनी तो अवश्य पाहावा अशी शिफारस करावीशी वाटते. तो ज्या कादंबरीवर आधारलेला आहे तिच्या लेखिका त्रिवेणी (१९२८–१९६३) या मानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. कावेरी ही सुखवस्तू घरातील गृहिणी बाळंतपणानंतर मनाचा तोल गमावते. रुग्णालयात उपचार होतात आणि ती बरी होऊन घरी परतते. खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. घरात कोणी तिला मारीत नाही, शिव्या देत नाही. फक्त पूर्वीसारखे वागवीत नाहीत. ती हसली तर लोक एकमेकांकडे पाहतात. शेजारीपाजारी अंतर ठेवून बोलतात. पतीचे मन दुसरीकडे गेलेले असते. डॉक्टरांनी जे सांधले ते घराने पुन्हा मोडले. कल्पना या अभिनेत्रीने ही कावेरी अशी उभी केली आहे की कर्नाटकात तिचे नाव आजही निघते.

डॉक्टर बरे करतात आणि घर आजारी पाडते, हे जर खरे असेल तर मग घरालाच उपचारात का घेऊ नये? हाच विचार भारतात काही डॉक्टरांना फार पूर्वी सुचला होता. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहावयास बोलावले. तोवर रीत अशी की रुग्णाला फाटकाशी सोडायचे आणि नातलगांनी मागे न पाहता निघून जायचे. तंबूत राहिलेल्या आया, भाऊ, पत्नी यांनी रुग्णाची सेवा तर केलीच, पण आजार कसा चढतो, कसा उतरतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आणि जो आजार उतरताना पाहिला त्याची भीती घरी गेल्यावर उरली नाही.

बेंगळुरूचा इतिहास यापेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्या नगरीत मनोरुग्णांसाठी आश्रयस्थान होते. १९२५ साली त्याचे 'वेड्यांचे इस्पितळ' हे नाव जाऊन 'मनोरुग्णालय' असे नाव झाले. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली त्याच्या शेजारी केंद्र सरकारने अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन केली, डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी हे तिचे पहिले संचालक. पुढे २७ डिसेंबर १९७४ रोजी रुग्णालय आणि संस्था एकत्र करून राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजेच आजचे निम्हान्स, अस्तित्वात आले. २०१२ च्या कायद्याने संसदेने तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली आहे. तेथील कुटुंब-मनश्चिकित्सा केंद्र १९७० च्या दशकापासून चालू आहे. नवराबायकोतील बेबनाव, वयात आलेल्या मुलाचे घरातील असह्य वर्तन, सासरच्या माणसांतील कोंडी, अशा कारणांनी येणारी सबंध कुटुंबे तेथे काही दिवस मुक्कामाला राहतात. उपचार एका माणसावर न होता त्यांच्यामधील नात्यांवर होतो. कोण बोलताना कोण गप्प होतो, आई मुलाच्या वतीने उत्तर देते काय, बाप नेहमी दाराजवळच का बसतो, या गोष्टींची तेथे नोंद घेतली जाते.

म्हणजे आमचे सुनील येथे आले असते तर मुलगा आणि सून यांना पहिल्या भेटीनंतर निरोप मिळाला नसता. त्यांनाही खुर्च्या मिळाल्या असत्या. आणि बहुधा असे निघाले असते की सुनीलना आजार थोडा आहे, शोक पुष्कळ आहे, आणि घरात त्यांना करण्याजोगे काम काहीच नाही. परत जायचे आहे, हे वाक्य बोलण्यासाठी त्यांना एवढे कपट रचावे लागले नसते. की लागलेच असते? मुलासमोर "मला तुझ्या घरी राहायचे नाही" असे म्हणणे आपल्याकडील बापाला सोपे नाही, हेही विसरून चालणार नाही. सुनेविषयीच्या ज्या गोष्टी सुनील एकांतात बोलले त्या तर कुटुंबाच्या बैठकीत कधीच निघाल्या नसत्या. कुटुंबाला आत घेतल्याने काही दारे उघडतात आणि काही बंद होतात. जाणते चिकित्सक म्हणूनच दोन्ही करतात: काही वेळ सर्वांसह, काही वेळ एकट्याशी.

आपल्या देशात हे नाते पाश्चात्त्यांहून वेगळे असावे असे म्हणणारेही आहेत. मानसोपचारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली असा विचार मांडला की भारतीय रुग्ण चिकित्सकाकडे गुरूच्या अपेक्षेने येतो. त्याला तटस्थ श्रोता नको असतो, मार्ग दाखविणारा हवा असतो. तेव्हा गुरुशिष्याच्या नात्यातून आपण काही शिकावे. या विचारात तथ्य आहे खरे, पण गुरू चुकला तर त्याला शुक्रवारी कोणापुढे बसवायचे, ही शंका आम्हांस राहतेच. येथे एका शब्दाचीही गंमत आहे. या कामाला आपण मराठीत 'समुपदेशन' म्हणतो, आणि त्या शब्दाच्या पोटातच उपदेश बसला आहे! माणूस तेथे जातो तो उपदेशाच्या अपेक्षेने, आणि समोरची व्यक्ती उपदेश करण्याऐवजी विचारते, "तुम्हांला काय वाटते?" पहिल्या भेटीनंतर कित्येकजण परत जात नाहीत, त्यात या शब्दाचा थोडा वाटा असावा असे आम्हांला वाटते.

मराठी चित्रपटानेही याची एक वेगळी बाजू दाखविली आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई'त भावाचा स्किझोफ्रेनिया सांभाळणारी बहीण आहे, तर २०१६ च्या 'कासव'मध्ये आत्महत्येच्या काठावरून परतलेल्या एका अनोळखी तरुणाला आसरा देणारी जानकी आहे, जी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. 'कासव'ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या निर्मितीत आणि अभिनयात सहभागी असलेले डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, याचे अगत्य चित्रपटात जाणवते: जानकी त्या मुलाला त्याचे नावसुद्धा लवकर विचारत नाही.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. आत जे बोलले जाते ते घरच्यांना कळावे काय? मुलीला घेऊन आलेली आई बाहेर बाकावर बसलेली असते. फी तिने दिलेली असते, रात्रीची जागरणे तिने केलेली असतात. दार उघडताच तिच्या ओठांवर प्रश्न येतो, "काय म्हणाली ती?" आणि आतील व्यक्ती नम्रपणे सांगते की ते मला सांगता येणार नाही. आईला अपमान वाटतो, वाटणारच. परंतु कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ साली अंमलात आला, त्याच्या २३ व्या कलमाने प्रत्येक रुग्णाला आपल्या आजाराविषयी गुप्ततेचा हक्क दिला आहे. त्याला अपवादही त्याच कलमात आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा संभव असेल, न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढीच माहिती देता येते. सुनीलचा चिकित्सक ज्या कात्रीत सापडला ती हीच. धोका खरा की आभास, हे ठरविण्याचे यंत्र कोणाजवळ नाही. त्याने सावधगिरीच्या बाजूने पाऊल टाकले आणि विश्वास गमावला. उलट पाऊल टाकून जीव गमावला असता तर? मालिका पाहून त्याला दोष देणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःस विचारावा.

याच कायद्याने कुटुंबालाही एक जागा दिली आहे. प्रत्येक प्रौढ व्यक्ती आपला एक 'नामनिर्देशित प्रतिनिधी' लेखी नेमू शकते. उपचाराविषयीचे निर्णय घेण्यास त्या व्यक्तीने साहाय्य करायचे असते, आणि त्यासाठी लागणारी माहिती तिला मिळू शकते. तो पतीच असला पाहिजे, बापच असला पाहिजे, असे नाही. मैत्रीण असेल, मावशी असेल. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत मात्र सामान्यतः पालकच प्रतिनिधी असतात.

हे सर्व वाचून एखाद्या वाचकाला वाटेल की पन्नास मिनिटांची बैठक, तीही दर आठवड्याला, ही चैन आपल्यापैकी किती जणांस परवडेल? शंका रास्त आहे. निम्हान्सने २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्या वेळी ग्रस्त होते, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून ही आपली गोष्ट नव्हे असे मानण्याचे कारण नाही.) सरकारी बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णासाठी मिळणारी मिनिटे मोजकीच असतात. तेथे औषध मिळते, आणि अनेक आजारांत औषधच प्रथम हवे असते. बोलण्यासाठी वेगळी वेळ मागून घ्यावी लागते. ती मागावी. मागितल्यावाचून मिळत नाही.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा देशभर सुरू झाली असून तिचे मध्यवर्ती सूत्रसंचालन निम्हान्सकडे आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीसह अनेक भारतीय भाषांत, विनामूल्य बोलता येते. ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील त्याने, किंवा त्याच्या घरच्यांनी, भेटीची वेळ मिळेपर्यंत न थांबता या क्रमांकावर बोलावे, आणि धोका समोर दिसत असेल तर सरळ रुग्णालय गाठावे.

पहिल्या भेटीस निघताना काही साध्या गोष्टी विचारून घेण्याजोग्या असतात. समोरच्या व्यक्तीचे शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद आहे काय? बैठक किती वेळाची, फी किती, किती बैठकांनंतर आढावा घेतला जाईल? घरच्यांना काय सांगितले जाईल आणि काय नाही? हा शेवटचा प्रश्न पहिल्याच दिवशी, रुग्णाच्या देखत, सर्वांनी मिळून विचारावा. आणि घरी परतताना रिक्षात शांत राहावे. त्या अर्ध्या तासात माणूस अजून त्या खोलीतून पुरता बाहेर आलेला नसतो. चहा हवा का, एवढे विचारले तरी पुष्कळ आहे.